जैवमाहितीशास्त्राचा ज्येष्ठ प्राध्यापक: अमेरिकी संगणकशास्त्र विभागांतील निवडपद्धती

जनुकक्रम, प्रथिनरचना यांसारख्या जैविक माहितीचा गणित आणि संगणक यांच्या साहाय्याने अभ्यास करणारी ज्ञानशाखा म्हणजे जैवमाहितीशास्त्र. अमेरिकेत या शाखेचे प्राध्यापक वैद्यकीय महाविद्यालयांत, जीवशास्त्र विभागांत आणि संगणकशास्त्र विभागांतही आढळतात. संगणकशास्त्र विभागाला असा ज्येष्ठ प्राध्यापक नेमावयाचा असतो, तेव्हा उमेदवाराची पारख दोन शास्त्रांच्या निकषांवर करावी लागते. निवडीतील अनेक अडचणींचे मूळ येथेच आहे.

निवडीचे टप्पे

पदास मंजुरी मिळाल्यावर विभाग शोधसमिती नेमतो. जाहिरात दिली जाते; परंतु अन्यत्र स्थिरावलेले प्राध्यापक क्वचितच आपणहून अर्ज करतात, म्हणून समिती त्यांच्याशी स्वतः संपर्क साधते. त्यानंतर विभागभेट, व्याख्यान, बाहेरील तज्ज्ञांची गोपनीय अभिप्रायपत्रे, विभागातील मतदान आणि विद्यापीठ पातळीवरील संमती असा क्रम असतो. ज्येष्ठ उमेदवारास बहुधा रुजू होतानाच टेन्युअर, म्हणजे स्थायी नियुक्ती, मिळते. त्यामुळे चुकलेली निवड विभागास अनेक वर्षे निभावून न्यावी लागते.

मूल्यमापनातील पेच

संगणकशास्त्रात परिषदांतील शोधनिबंधांना मोठे वजन असते. जीवशास्त्रात नियतकालिकांतील लेखनाला. सैद्धांतिक संगणकशास्त्रात लेखकांची नावे बहुधा वर्णानुक्रमाने छापतात. जीवशास्त्रात मात्र पहिले नाव मुख्य काम करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळाप्रमुखाचे मानले जाते. अनेक लेखकांच्या निबंधात मधल्या स्थानी असलेल्या व्यक्तीनेच मूळ गणनपद्धती रचलेली असू शकते. हे ओळखण्यासाठी समितीत दोन्ही शास्त्रांचे जाणकार असावे लागतात.

वेतन आणि निधी

संगणकशास्त्र विभागात वेतन सामान्यतः नऊ महिन्यांचे असते. उन्हाळ्याचे वेतन संशोधन अनुदानातून घेता येते. वैद्यकीय महाविद्यालयांत वेतनाचा मोठा भाग अनुदानांवर अवलंबून असू शकतो. या तुलनेत संगणकशास्त्र विभागाचे स्थैर्य आकर्षक ठरते. राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे अनुदान सामान्यतः व्यक्तीला नव्हे, तर संस्थेला दिलेले असते; ते नव्या विद्यापीठात नेण्यास जुन्या संस्थेने हक्क सोडावा लागतो आणि अनुदान देणाऱ्या संस्थेची मंजुरीही लागते. विद्यार्थी, सहसंशोधक आणि संगणकसामग्री यांसाठी आरंभनिधीची बोलणी होतात, ती याच संदर्भात.

तीन उदाहरणे

जीन मायर्स १९८१ पासून अॅरिझोना विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवीत होते. १९९८ मध्ये ते सेलेरा या खासगी कंपनीत गेले आणि तेथील जनुकसंच-जुळणीचे काम त्यांनी उभारले. विद्यापीठाची स्पर्धा केवळ दुसऱ्या विद्यापीठाशी नसते, हे त्यावरून दिसते. पावेल पेव्हझ्नर दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातून २००० मध्ये सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात आले. गणिती पार्श्वभूमीच्या ज्येष्ठ संशोधकाला संगणकशास्त्र विभागाने स्थान दिल्याचे हे उदाहरण. सांताक्रूझ येथे मात्र बाहेरून कोणास आणावे लागले नाही. यंत्र-अध्ययनात काम करणारे डेव्हिड हॉसलर तेथे १९८६ पासूनच होते. २००० मध्ये त्यांच्या गटातील जिम केंट या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने लिहिलेल्या प्रणालीमुळे मानवी जनुकसंचाचा सार्वजनिक मसुदा जुळवता आला. दोन विभागांमधील वाट खुली असल्याचे हे फळ होते.

संयुक्त नियुक्ती

ज्येष्ठ प्राध्यापकास अनेकदा दोन विभागांत नेमतात. अशा वेळी टेन्युअर कोणत्या विभागात, अध्यापनाचा भार किती, वेतनाचा वाटा कोणाचा, पीएचडीचे विद्यार्थी कोठे नोंदवायचे, हे नियुक्तिपत्रात नमूद नसल्यास प्राध्यापकाचा त्रिशंकू होतो. दोन्हीकडच्या बैठका आणि समित्या त्याच्या वाट्याला येतात. त्याची बाजू मांडण्याची जबाबदारी मात्र कोणताच विभाग घेत नाही. पुणे विद्यापीठाने जैवमाहितीशास्त्रासाठी स्वतंत्र केंद्र उभारून निराळा मार्ग स्वीकारला. संगणकशास्त्र विभागातच पद निर्माण करावयाचे असल्यास या बाबी लेखी ठरवणे विभाग आणि उमेदवार, दोघांच्याही हिताचे असते.