इन्कम टॅक्स रिटर्न चुकलंय? नोटीस येण्याआधी सुधारित रिटर्न असं भरा

आष्टी (जि. वर्धा) : आष्टीसारख्या तालुक्याच्या गावात शिक्षक, पेन्शनर, छोटे दुकानदार असे बरेच जण रिटर्न स्वतः भरत नाहीत. फॉर्म १६ आणि पॅन कार्डाची झेरॉक्स ओळखीच्या माणसाकडे दिली की काम झालं, असं आपण समजतो. आत काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. पण रिटर्नवर नाव आपलं असतं. चूक कुणाच्याही हातून झाली तरी जबाब आपल्यालाच द्यावा लागतो.

हे सांगायचं कारण आहे. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभरात सुमारे १५० ठिकाणी तपासणी केली. खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणारे एजंट हे त्याचं लक्ष्य होतं. ज्या राज्यांत असे प्रकार सापडले त्यांत महाराष्ट्राचंही नाव होतं. काही एजंट रिटर्न भरण्यापुरता तात्पुरता ई-मेल उघडतात आणि नंतर तो सोडून देतात. त्यामुळे विभागाच्या नोटिसा करदात्यापर्यंत पोहोचतच नाहीत. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपणहून रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे चुकीचे दावे मागे घेतले होते. म्हणजे परतीचा रस्ता आहे, फक्त वेळेत धरायला हवा.

मुदत किती?

आयकर कायदा १९६१ च्या कलम १३९(५) नुसार आधीच्या रिटर्नमधली चूक दुरुस्त करता येते. कर निर्धारण वर्ष २०२५-२६, म्हणजे १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळातल्या कमाईसाठी ही मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. त्याआधी विभागाने त्या वर्षाची करनिर्धारणा पूर्ण केली, तर मुदत तिथेच संपते. या वर्षाच्या सुधारित रिटर्नला वेगळी फी नव्हती. उशिरा भरलेलं रिटर्नसुद्धा सुधारता येतं.

आपल्या घरांत नेहमी होणाऱ्या चुका

बँकेचं व्याज : आपल्यापैकी अनेक जण व्याज स्वतःवर खर्च करत नाहीत, सवाबची नियत न ठेवता गरिबाला देऊन टाकतात. म्हणून ते रिटर्नमध्ये दाखवायची गरज नाही, असा समज आहे. तो चूक आहे. खात्यात जमा झालेलं व्याज कायद्याच्या नजरेत तुमचं उत्पन्नच असतं, आणि बँक त्याची माहिती विभागाला कळवते.

समजा, जुन्या करप्रणालीत २० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या शिक्षकाला मुदत ठेवीवर ४५,००० रुपये व्याज मिळालं आणि बँकेने ४,५०० रुपये टीडीएस कापला. रिटर्नमध्ये दोन्ही राहून गेलं. सेससह कर होतो ९,३६० रुपये. टीडीएस वजा जाता ४,८६० रुपये आणि त्यावरचं व्याज भरलं की प्रकरण मिटतं.

जकात आणि देणगी : जकात दिली म्हणून कर कमी होत नाही. कलम ८०जी ची वजावट फक्त त्या कलमाखाली मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या रकमेवर, तीही जुन्या करप्रणालीत मिळते. रोखीने २,००० रुपयांपेक्षा जास्त दिलेली देणगी यात धरली जात नाही. पावती नसताना एजंटने ८०जी लावलं असेल, तर ते आधी काढा.

शेती : संत्र्याच्या बागेचं उत्पन्न करमुक्त असलं तरी ५,००० रुपयांच्या वर गेलं की आयटीआर-१ चालत नाही. पगारदार किंवा पेन्शनरला साधारणपणे आयटीआर-२ भरावा लागतो.

सुधारित रिटर्न कसं भरायचं?

१. आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर पॅन टाकून लॉगिन करा. प्रोफाईलमध्ये मोबाईल आणि ई-मेल आपलाच आहे का, ते सगळ्यात आधी बघा.

२. एआयएस आणि फॉर्म २६एएस डाउनलोड करून आधीच्या रिटर्नशी ओळीन् ओळ ताडून पाहा.

३. मूळ रिटर्नचा १५ अंकी पोचपावती क्रमांक आणि भरल्याची तारीख जवळ ठेवा.

४. ई-फाईलमध्ये जाऊन कर निर्धारण वर्ष आणि योग्य फॉर्म निवडा. कलमाच्या जागी १३९(५) निवडून पोचपावती क्रमांक व तारीख भरा.

५. फक्त चुकलेला आकडा नाही, संपूर्ण रिटर्न पुन्हा भरायचं असतं. नवं रिटर्न जुन्याची जागा घेतं.

६. कर निघत असेल तर 'ई-पे टॅक्स'मधून सेल्फ असेसमेंट टॅक्स (३००) भरून चलनाचा तपशील रिटर्नमध्ये टाका. चुकीचा रिफंड आधीच मिळाला असेल तर तोही असाच परत करावा लागतो.

७. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा. हे राहिलं तर सगळी मेहनत वाया जाते.

मुदत गेली तर?

मग आयटीआर-यू, म्हणजे अद्ययावत रिटर्न. कर निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत ते भरता येतं, पण कर आणि व्याजावर जादा रक्कम द्यावी लागते : पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, २४ पर्यंत ५०, ३६ पर्यंत ६० आणि ४८ पर्यंत ७० टक्के. यातून कर कमी करून घेता येत नाही किंवा रिफंड वाढवता येत नाही. म्हणून टीडीएस मागायचा राहून गेला असेल, त्यांनी सुधारित रिटर्नची मुदत चुकवू नये.

मुद्दाम चुकीची माहिती दिल्याचं विभागाने शोधून काढलं, तर कलम २७०ए खाली करचोरीच्या रकमेच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड आहे. आपणहून सुधारणं केव्हाही स्वस्त.

हेही लक्षात ठेवा

विभागाच्या हिशेबात चूक असेल तर सुधारित रिटर्न नको, कलम १५४ खाली दुरुस्तीची विनंती करा. 'सदोष रिटर्न' म्हणून कलम १३९(९) ची नोटीस आली असेल तर १५ दिवसांत त्या नोटिशीलाच उत्तर द्यायचं असतं. अडचण आली तर पोर्टलचा टोल फ्री क्रमांक १८०० १०३ ००२५ आहे.

रिफंडमधून टक्केवारी मागणाऱ्या एजंटपासून दूर राहा. पासवर्ड आणि ओटीपी आपल्याकडेच ठेवा. दुसऱ्याकडून रिटर्न भरून घेतलं तरी त्याची प्रत मागून घ्या आणि घरी बसून एकदा वाचा. जकातीचा हिशेब आपण पै-पैचा करतो, तशीच एक संध्याकाळ या कागदासाठीही काढायला हवी.