मध्यम मेक : निवड आणि सज्जता

‘मेकवॉरियर ऑनलाइन’ या संगणकीय खेळातील ४० ते ५५ टन वजनाचा लढाऊ यंत्रमानव. ‘मेक’ म्हणजे आत बसून चालवायचे, दोन पायांवर चालणारे पोलादी युद्धयंत्र. खेळात मेकांचे वजनावरून चार वर्ग पडतात : हलका (२० ते ३५ टन), मध्यम, जड (६० ते ७५ टन) आणि अतिजड (८० ते १०० टन). बारा खेळाडूंची एक तुकडी दुसऱ्या तितक्याच तुकडीशी लढते.

या विश्वाचा उगम पटावरच्या खेळात आहे. शिकागोच्या फासा या कंपनीने १९८४ मध्ये ‘बॅटलड्रॉइड्स’ नावाचा खेळ काढला. ‘ड्रॉइड’ या शब्दावर ‘स्टार वॉर्स’च्या निर्मात्यांचा हक्क असल्याने पुढच्याच वर्षी त्याचे नाव ‘बॅटलटेक’ झाले. कॅनडातील व्हँकूव्हरच्या पिरान्हा गेम्सने त्यावर बेतलेला ‘मेकवॉरियर ऑनलाइन’ २०१२ मध्ये चाचणीसाठी खुला केला आणि सप्टेंबर २०१३ मध्ये रीतसर बाजारात आणला. टन, खण (मेकाच्या अवयवांतील सामान बसवायच्या जागा) आणि उष्णता यांचा हिशेब मांडायची रीत पटावरूनच आली आहे. म्हणून या खेळात निम्मी लढाई मैदानात उतरण्याआधी, मेक जुळवण्याच्या पडद्यावर लढली जाते.

मध्यम वर्ग नवख्यांना फसवतो. हलक्या मेकाची चपळाई त्याच्याकडे पुरती नसते आणि अतिजड मेकाचे चिलखत तर नसतेच. एकट्याने शत्रूसमोर उभा राहिलेला मध्यम मेक फार काळ टिकत नाही. त्याचे काम दुसऱ्या फळीतले आहे : आपल्या जड मेकाने शत्रूची नजर ओढून घेतली की बाजूने येऊन घाव घालायचा, आणि मागच्या संथ सोबत्यावर हलके मेक तुटून पडले की वेळेत परत फिरायचे. हे काम पटले तरच हा वर्ग घ्यावा. मोठ्या मेकाचे पैसे साठेपर्यंतची सोय म्हणून तो घेणारे बहुतेक खेळाडू त्याला चुकीचे हत्यार लावतात.

निवड करताना नावापेक्षा हार्डपॉइंट, म्हणजे हत्यारे बसवायच्या ठरलेल्या जागा, पाहाव्यात. प्रत्येक मेकाच्या प्रत्येक प्रकारात कोणत्या अवयवावर कोणत्या जातीचे किती हत्यार बसेल, हे ठरलेले असते. त्या जाती तीन : तोफा, ऊर्जाशस्त्रे आणि क्षेपणास्त्रे. हार्डपॉइंट खांद्याच्या उंचीवर असले तर टेकडीआडून फक्त माथा काढून मारता येते. ते कमरेपाशी असले तर मारण्यासाठी सगळे अंग उघडे टाकावे लागते.

हंचबॅक हा ५० टनांचा मेक या वर्गाचा धडा शिकायला सर्वांत चांगला. त्याच्या उजव्या खांद्यावर मोठे कुबड आहे. ४जी या प्रकारात त्या कुबडात एसी/२० ही ऑटोकॅनन बसते. ती एकटीच १४ टनांची आहे आणि १० खण अडवते. ४पी या प्रकारात त्याच कुबडात सहा ऊर्जाशस्त्रे मावतात. एक मध्यम लेसर १ टन आणि १ खण घेतो, शिवाय दारूगोळा लागत नाही. एकच जबर ठोसा हवा, की अनेक किरणांचा झोत, एवढा निर्णय झाला की पुढचे बरेचसे आपोआप ठरते.

४जीचा हिशेब मांडून पाहू. सांगाडा वजनाच्या दहाव्या हिश्शाचा, म्हणजे ५ टन. पूर्ण चिलखत ३३८ गुणांचे. टनाला ३२ गुण या दराने त्याचे साडेदहा टन होतात. तोफ १४ टन, दारूगोळा ३ टन. इथपर्यंत ३२.५ टन संपले. उरलेल्या १७.५ टनांत इंजिन, उष्णता बाहेर टाकणारे हीट सिंक आणि लेसर बसवायचे आहेत. डहाणूच्या खाडीतून मासेमारीला निघणारी होडी भरतानाही प्रश्न हाच असतो : बर्फ जास्त घेतला तर जाळ्यांना जागा उरत नाही, आणि डिझेल कमी घेतले तर लांबच्या पाण्यात जाता येत नाही.

इथे ‘एंडो स्टील’ सांगाडा कामी येतो. तो सांगाड्याचे वजन निम्मे करतो, म्हणजे अडीच टन वाचवतो. मोबदल्यात १४ खण खातो. ‘फेरो फायब्रस’ चिलखतही १४ खणच खाते, पण टनामागे १२ टक्केच जास्त गुण देते. ५० टनांच्या मेकात त्यातून जेमतेम एक टन वाचतो. मेकात एकूण ७८ खण असतात आणि त्यांतले बरेच आधीच भरलेले असतात. म्हणून आधी एंडो. फेरो फक्त खण उरले तर. डोळे मिटून दोन्ही लावणाऱ्याला शेवटी हीट सिंकसाठी जागा शोधत बसावे लागते.

इंजिनाची निवड खणांच्या गणितावर अडते. मेकाचा वेग काढायला इंजिनाच्या आकड्याला वजनाने भागून १६.२ ने गुणायचे. २०० चे इंजिन हंचबॅकला ताशी ६४.८ किलोमीटर देते, २५० चे ८१. मध्यम मेकाला ८१ च्या खाली ठेवू नये, असे या लेखकाचे ठाम मत आहे. त्याखाली दुसऱ्या फळीचे काम होत नाही. २५० चा आणखी एक फायदा आहे. प्रत्येक मेकाला किमान दहा हीट सिंक लागतात आणि २५० च्या इंजिनात ते सगळे आतच मावतात. त्याहून लहान इंजिन घेतले तर काही बाहेर, स्वतःचे खण देऊन लावावे लागतात.

एक्सएल इंजिन साध्या इंजिनापेक्षा बरेच हलके असते, पण धडाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन खण अडवते. बाजूच्या धडात खण बारा. एसी/२० चे दहा आणि एक्सएलचे तीन मिळून तेरा होतात, त्यामुळे कुबडातली तोफ आणि एक्सएल एकत्र बसतच नाहीत. २०१७ मध्ये आलेले ‘लाइट’ इंजिन बाजूला दोनच खण घेते. दहा आणि दोन बारा, नेमके बसते. खेळात मेकांचे इनर स्फिअर आणि क्लॅन असे दोन गट आहेत; हंचबॅक पहिल्या गटातला. इनर स्फिअरच्या एक्सएलमध्ये दुसरा धोकाही आहे : बाजूचे एक धड फुटले की मेक जागीच संपतो. शत्रू हंचबॅकच्या कुबडावरच नेम धरतो, त्यामुळे या मेकाला एक्सएल देणे म्हणजे शत्रूचे काम सोपे करणे. साधे किंवा लाइट इंजिन घ्यावे, तोफ डागली की लगेच धड फिरवून डावी बाजू पुढे करावी आणि मार तिच्यावर घ्यावा.

४पीचा शत्रू उष्णता. एकाच जातीची ठरावीक संख्येपेक्षा जास्त शस्त्रे एकदम डागली तर खेळ दंडाची वाढीव उष्णता लावतो, आणि उष्णतेची मर्यादा ओलांडली की मेक बंद पडून उभा राहतो. लेसर दोन गटांत विभागून, मध्ये अर्धा सेकंद सोडून डागावेत. दुहेरी हीट सिंक घ्यावेत. ते प्रत्येकी तीन खण घेतात खरे, पण ४पीमध्ये त्यांना पर्याय नाही.

सेंच्युरियन हा ५० टनांचाच दुसरा जुना मेक. त्याची तोफ उजव्या हातात, क्षेपणास्त्रे डाव्या धडात आणि दोन लेसर मधल्या धडात असतात. साधे इंजिन असेल तर दोन्ही बाजू गमावूनही तो मधल्या लेसरांनी लढत राहतो. डाव्या हातात शस्त्र नसल्याने तो हात ढालीसारखा वापरता येतो. ५५ टनांचे शॅडो हॉक, ग्रिफिन आणि वुल्व्हरिन उडी मारणारे जेट लावू शकतात. या वजनापर्यंत एक जेट अर्ध्या टनाचे असते. २०१४ मध्ये आलेल्या क्लॅन मेकांपैकी स्टॉर्मक्रो ताशी ९७.२ किलोमीटर धावतो. क्लॅनचे एक्सएल बाजूचे एक धड गेल्यावरही चालू राहते. पण स्टॉर्मक्रोचे इंजिन बदलता येत नाही. फक्त अवयव बदलून हार्डपॉइंट बदलता येतात. जुळवणीची मजा हवी असेल त्याने इनर स्फिअरचे मेक घ्यावेत.

डहाणू किंवा तलासरीतून खेळणाऱ्याने अंतराचाही हिशेब धरावा. समजा, खेळाचा सर्व्हर पूर्व कॅनडात आहे; ते ठिकाण इथून सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. तार अगदी सरळ रेषेत टाकलेली असती तरी जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद लागले असते. प्रत्यक्षात जास्तच लागतात. तेवढ्या वेळात ८१ च्या वेगाचा मेक पावणेतीन मीटर पुढे सरकतो. नेम चुकतो तो नेहमीच हाताच्या दोषाने नव्हे. उशिराची भरपाई करणारी व्यवस्था खेळात आहे, तरी दूरच्या सर्व्हरवर संथ गोळ्यांच्या तोफेपेक्षा लेसर हाताशी जास्त विश्वासू राहतात. म्हणून या भागातल्या नव्या खेळाडूला ४जीआधी ४पी सुचवावासा वाटतो. पावसाळ्यात वीज जायची भीती असेल तर सामना सुरू करण्याआधी संगणकाला यूपीएस जोडून घ्यावा. आपला मेक मैदानात नुसता उभा राहिला तर उरलेल्या अकरा जणांना बाराशी लढावे लागते.

हा खेळ विंडोज संगणकावरच चालतो. ज्यांच्या हाती फक्त फोन आहे त्यांच्यासाठी पिक्सॉनिक कंपनीचा ‘वॉर रोबोट्स’ आहे. तो २०१४ मध्ये आला. त्यात सहा विरुद्ध सहा लढतात आणि खणांऐवजी हलक्या, मध्यम व जड शस्त्रांच्या ठरलेल्या जागा असतात.

‘मेकवॉरियर ऑनलाइन’मध्ये ट्रायल मेक पैसे न देता चालवता येतात. त्या यादीत हंचबॅक किंवा सेंच्युरियन दिसला तर आधी तोच घेऊन दहा सामने खेळावेत, आपला मेक कोणत्या अवयवातून मरतो ते लिहून ठेवावे आणि मगच साठवलेले सी-बिल, म्हणजे खेळातले चलन, खर्चावेत.