शास्त्रप्रामाण्य आणि सत्यशोध : नीळकंठशास्त्री गोरे व पंडिता रमाबाई

ख्रिस्ती धर्म स्वीकारणारे एकोणिसाव्या शतकांतील महाराष्ट्रीय विद्वान् आपल्या शास्त्राध्ययनास कायमचा रामराम ठोकून गेले, असा सर्वसाधारण समज आहे. त्यांचे ग्रंथ व पत्रें पाहतां हा समज टिकत नाहीं. अंतिम सत्याविषयीं प्रमाण कोणतें, हा मीमांसक-नैयायिकांचा प्रश्न त्यांनीं नव्या धर्मांतही बरोबर नेला. नीळकंठशास्त्री गोरे व पंडिता रमाबाई या दोघांच्या उदाहरणांवरून हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

इ. स. १८३९ मध्यें कंपनी सरकारचे मुलकी अधिकारी जॉन म्यूर यांनीं 'मतपरीक्षा' नामक संस्कृत पद्यग्रंथ प्रसिद्ध केला. गुरुशिष्यसंवादरूप अशा या ग्रंथांत खऱ्या शास्त्राचीं तीन लक्षणें सांगितलीं आहेत : प्रवर्तकाचें चमत्कारसामर्थ्य, शास्त्राचें पावित्र्य आणि त्याची सार्वत्रिकता. त्यास सोमनाथ, हरचंद्र तर्कपंचानन व नीळकंठशास्त्री अशा तिघांनीं संस्कृतांतच उत्तरें दिलीं. पैकीं सोमनाथ म्हणजे सिहोरचे महाराष्ट्रीय ज्योतिषी सुबाजी बापू होत, असें विद्वान् मानतात.

नीळकंठशास्त्र्यांचा जन्म १८२५ मध्यें झांशीजवळ एका चित्पावन घराण्यांत झाला. अध्ययन काशीस झालें. त्यांचा 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' १८४४-४५ चा आहे. धर्मनिर्णय स्वतंत्र तर्कानें होत नाहीं, तर्कानें शास्त्राच्या मागून चाललें पाहिजे, हें त्याचें मुख्य प्रतिपादन. पूर्वकर्म न मानल्यास प्राणिमात्राच्या विषम सुखदुःखांची उपपत्ति कशी लागणार, असा पेंचही त्यांनीं प्रतिपक्षास घातला.

याच ग्रंथकर्त्यानें १४ मार्च १८४८ रोजीं जौनपूर येथें बाप्तिस्मा घेतला. पुढें १८६० मध्यें त्यांचा हिंदी 'षड्दर्शनदर्पण' निघाला व १८६२ मध्यें फिट्झएडवर्ड हॉल यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. पूर्वपक्ष प्रामाणिकपणें मांडून मग त्याचें खंडन करावयाचें, ही काशीच्या पाठशाळेंतील रीति येथेंही तशीच राहिली आहे. फिरला आहे तो केवळ सिद्धांत. शंकांनीं मात्र त्यांस जन्मभर सोडलें नाहीं. उत्तरायुष्यांत ते इंग्लंडच्या चर्चमधील परंपरानिष्ठ पक्षाकडे वळले. मूळ शास्त्र एकटें पुरत नाहीं, अर्थनिर्णयास संप्रदायाचा आधार लागतो, हा जुन्या शास्त्र्याचा दृष्टिकोनच यांत प्रकट होतो, असें आमचें अनुमान आहे. १८९५ मध्यें मुंबईस त्यांचें देहावसान झालें.

पंडिता रमाबाईंस ख्रिस्ती मताकडे आणण्यांत गोरे यांच्या लेखनाचा मोठा वांटा होता. बाईंनीं २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. परंतु प्रमाणाच्या प्रश्नास त्यांनीं दिलेलें उत्तर अगदीं उलट होतें. सिस्टर जेराल्डिन यांच्याशीं झालेल्या पत्रव्यवहारांत, जें मत बायबलांत स्पष्ट सांपडत नाहीं तें केवळ चर्चच्या आज्ञेवरून मान्य करण्यास त्यांनीं नकार दिला. गुरूपेक्षां ग्रंथ श्रेष्ठ, आणि भाषांतरापेक्षां मूळ श्रेष्ठ, हा त्यांचा निश्चय दिसतो.

त्या निश्चयाचें फळ केडगांवास दिसलें. आमच्या सोलापुराहून पुण्यास जाणाऱ्या लोहमार्गावरील या गांवीं बाईंनीं मुक्तिसदन उभारलें होतें. प्रचलित मराठी बायबलांतील संस्कृतप्रचुर शब्द सामान्य स्त्रियांस दुर्बोध होतात व वेदान्ताचे अर्थ सोबत आणतात, असा त्यांचा आक्षेप होता. म्हणून अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या संस्कृतज्ञ कन्येनें इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सोप्या मराठींत संपूर्ण बायबल नव्यानें उतरविलें. तें काम पुरें होतांच, ५ एप्रिल १९२२ रोजीं, त्या निवर्तल्या. ग्रंथ १९२४ मध्यें प्रसिद्ध झाला. सदनांतील छापखान्यांत छपाईचें काम तेथील स्त्रियाच करीत. ज्या वर्गास वेदाध्ययनाचा अधिकार नव्हता, त्याच्या हातीं हें मूळानुसारी शास्त्र पडावें, ही यामागील दृष्टि ध्यानांत घेण्यासारखी आहे.

दोघांपैकीं सत्य कोणास गवसलें, याचा निवाडा इतिहासाच्या कक्षेंत येत नाहीं. साधनें जतन करणें मात्र आपल्या हातीं आहे. खुद्द कर्त्यानें टाकून दिलेल्या मताचा 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ग्रंथ पोथीरूपानें वांचला, म्हणूनच सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांस तो १९५१ मध्यें उज्जयिनीहून संपादून प्रसिद्ध करितां आला. सोलापुरांतही एकोणिसाव्या शतकांत अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें होतें. तेव्हां या भागांतील शास्त्री घराण्यांच्या दप्तरांत अशीं विवादपत्रें, उत्तरग्रंथांच्या नकला किंवा जुनीं शुभवर्तमानें आढळल्यास परधर्माचीं म्हणून तीं रद्दींत घालूं नयेत. पोथीचा आकार, पत्रसंख्या, लेखनकाल व लेखकाचें नांव टिपून संग्राहकांनीं त्यांची यादी करावी, ही विनंति आहे.