ई. सिम्स कॅम्पबेल: ओळखीची सही, अनोळखी माणूस

१९३३ मध्ये सुखवस्तू पुरुषवर्ग डोळ्यांसमोर ठेवून 'एस्क्वायर' हे अमेरिकन नियतकालिक निघाले. तेव्हापासून सुमारे पंचवीस वर्षे त्याच्या जवळजवळ प्रत्येक अंकात ई. सिम्स कॅम्पबेल यांची चित्रे होती. मासिकाचे बोधचिन्ह ठरलेला बटबटीत डोळ्यांचा, मिशाळ 'एस्की' त्यांच्याच हातचा. १९४३ पासून किंग फीचर्स या संस्थेने त्यांची 'क्यूटीज' ही एकचौकटी हास्यचित्रमाला देशभरच्या वृत्तपत्रांना पुरवली. त्यांतल्या नखरेल तरुणी बहुतेक गोऱ्या असत. त्या रेखाटणारा चित्रकार कृष्णवर्णीय आहे, याची बहुसंख्य वाचकांना कल्पनाही नव्हती.

कॅम्पबेल यांच्यावर तडजोडीचा शिक्का मारणे सोपे आहे. आम्हाला तो घाईचा वाटतो. सेंट लुइसमध्ये १९०६ साली जन्मलेल्या आणि शिकागोत चित्रकला शिकलेल्या या तरुणाने रेल्वेच्या भोजनडब्यात वेटरचे काम केले होते. प्रवाशांची अर्कचित्रे काढण्याचा सराव तिथलाच. न्यूयॉर्कला आल्यावर ते हार्लेमच्या साहित्यवर्तुळात वावरले. १९३२ हे एकच वर्ष पाहावे. लँग्स्टन ह्यूज आणि आर्ना बाँटेम्प्स यांच्या 'पोपो अँड फिफिना' या हैतीतील मुलांच्या कथेला आणि स्टर्लिंग ब्राउन यांच्या 'सदर्न रोड' या कवितासंग्रहाला चित्रे कॅम्पबेल यांची आहेत. साहित्याच्या अभ्यासकांनी ही पुस्तके चित्रांसकट वाचायला हवीत. पाठ्यक्रमात हाती येतो तो नुसता मजकूर.

त्याच वर्षी त्यांनी हार्लेमच्या रात्रीच्या क्लबांचा नकाशा काढला. आमच्या मते त्यांचे सर्वोत्तम काम हेच. नाचणारी जोडपी, उंच टोपी घातलेली ग्लॅडिस बेंटली, गांजाच्या सिगारेटी विकणारा माणूस, कॉटन क्लबात कॅब कॅलोवे: सारा नकाशा माणसांनी गजबजलेला आहे. त्या कॉटन क्लबात रंगमंचावर कृष्णवर्णीय कलावंत असत, प्रेक्षक मात्र गोरेच. पुढच्याच वर्षापासून कॅम्पबेल यांचीही व्यावसायिक स्थिती काहीशी तशीच झाली. हात तोच होता, बदलले ते गिऱ्हाईक. आणि हार्लेमच्या गर्दीपेक्षा गोऱ्या तरुणींना कितीतरी अधिक दाम मिळत होता.

१९५७ मध्ये ते स्वित्झर्लंडला स्थायिक झाले. पत्नीच्या निधनानंतर १९७० मध्ये अमेरिकेत परतले आणि जानेवारी १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील व्हाइट प्लेन्स येथे वारले.