तिथले लोक राहू देतील का?

परवा रात्री भाच्याचा फोन आला. कॅलिफोर्नियात असतो तो. कंपनी त्याला लीहायला पाठवणार आहे, म्हणजे आमच्या सॉल्ट लेक सिटीपासून अर्ध्या-पाऊण तासावर. घरभाडी, बर्फ, भारतीय दुकान कुठे आहे वगैरे सगळं बोलून झालं आणि मग एकदम म्हणाला, "मावशी, खरं सांग. तिथले लोक आम्हा दोघांना राहू देतील का?"

दोघं म्हणजे तो आणि त्याचा नवरा. २०१९ साली लग्न केलं त्यांनी. (हे त्याला विचारूनच लिहितेय हं. "लिही गं, अर्धं घराणं तुझं वाचतं आणि उरलेल्यांना ते सांगतात. माझं काम वाचेल!" असं उत्तर मिळालं.)

फोनवर मी "हो रे, न द्यायला काय झालं" म्हणून मोकळी झाले. मग मात्र झोप येईना. मी युटात २००१ सालापासून आहे. माझं "हो" खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. उरलेलं अर्धं इथे लिहितेय.

सुरुवात जरा लांबून करावी लागेल. हे राज्य वसवलं ते मॉर्मन लोकांनी, आणि ते स्वतःच हाकलून दिलेले लोक होते. १८३८ साली मिसुरीच्या गव्हर्नरने त्यांना राज्याबाहेर घालवा नाहीतर संपवा, असा हुकूमच काढला होता. १८४४ साली इलिनॉयमध्ये त्यांच्या संस्थापकाला, जोसेफ स्मिथला, जमावाने तुरुंगात शिरून मारलं. मग ही मंडळी बैलगाड्या घेऊन पश्चिमेला निघाली आणि २४ जुलै १८४७ रोजी या खोऱ्यात पोचली. (खोरं काही रिकामं नव्हतं. यूट आणि शोशोनी लोक इथे आधीपासून होते, पण तो विषय वेगळा.) तो २४ जुलै इथे अजून सुट्टीचा दिवस असतो, मिरवणूक निघते.

आणि इथेही त्यांची पाठ सुटली नाही ती कशामुळे? तर लग्नामुळे! त्यांच्यात तेव्हा बहुपत्नीत्व होतं. एक पुरुष आणि एक स्त्री हेच लग्न, असं म्हणत केंद्र सरकारने खटले भरले, लोकांना तुरुंगात घातलं, चर्चची मालमत्ता जप्त केली. शेवटी १८९० साली चर्चने बहुपत्नीत्व सोडत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा कुठे १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यांना "तुमचं लग्न खरं लग्न नाही" असं सांगितलं गेलं, तेच पुढे दुसऱ्यांना तेच सांगायला लागले. माणसाची स्मरणशक्ती अशी असते बघा.

मी आले तेव्हा इथे ऑलिंपिकची तयारी चालू होती. शहरातली ईस्ट हाय ही शाळा तोवर देशभर गाजून गेली होती. १९९५ साली तिथल्या मुलांनी समलिंगी विद्यार्थी आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींचा एक क्लब काढायचं ठरवलं. एकाच क्लबला नाही म्हणणं कायद्यात बसेना, म्हणून १९९६ मध्ये शालेय मंडळाने अभ्यासाशी संबंध नसलेले सगळेच क्लब बंद करून टाकले! बाकीच्या मुलांचे निरुपद्रवी क्लबही त्यात गेले. ही बंदी उठायला २००० साल उजाडलं. पण त्याच काळात, १९९८ मध्ये, याच शहराने जॅकी बिस्कुपस्की या उघडपणे लेस्बियन असलेल्या बाईंना विधिमंडळात पाठवलं. म्हणजे तेव्हाही इथे एकच एक मत नव्हतं.

आता आमच्या गल्लीतली गोष्ट. २००३ च्या सुमारास समोरच्या घरात दोन बायका राहायला आल्या. इथे नवीन कोणी आलं की शेजारची मॉर्मन मंडळी काहीतरी भाजून घेऊन येतात. आमच्याकडेही केळ्याचा ब्रेड आला होता. त्यांच्याकडेही आला, कोपऱ्यावरच्या आजींकडून. आजींना वाटलं, दोघी बहिणी असतील. कोणीतरी खरं काय ते सांगितल्यावर आजींचं जाणं-येणं थांबलं. भांडण नाही, टोमणे नाहीत, नुसतं थांबलं. २००४ साली राज्यघटनेत लग्नाची व्याख्या स्त्री-पुरुषांपुरती बांधणारी दुरुस्ती आली. सुमारे ६६ टक्के लोकांनी तिला मत दिलं. आजींनीही दिलं, त्यांनीच मला सांगितलं.

मग एका हिवाळ्यात आजी बर्फावरून घसरल्या आणि त्यांचा पाय मोडला. समोरच्या दोघींनी महिनाभर त्यांच्या दारातला बर्फ काढला. ब्रेड पुन्हा सुरू झाला. मी एकदा धीर करून मताचं विचारलं, तर म्हणाल्या, "ते मत लग्नाबद्दल होतं, या दोघींबद्दल नव्हतं." आजींना हा फरक अगदी स्पष्ट दिसत होता. समोरच्या घरात तो कसा दिसत असेल, हा प्रश्न मी तेव्हा गिळला. अजून वाटतं, विचारायला हवा होता.

२००८ साली चर्चने कॅलिफोर्नियातल्या आपल्या सभासदांना समलिंगी विवाहबंदीच्या बाजूने वेळ आणि पैसा द्यायचं आवाहन केलं. बंदी मंजूर झाली आणि इथे सॉल्ट लेकमध्ये टेम्पलभोवती हजारो लोकांचा मोर्चा निघाला. कटुता इतकी होती की आता बोलणंच संपलं असं वाटावं. पण पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००९ मध्ये, घर भाड्याने देताना आणि नोकरी देताना समलिंगी लोकांशी भेदभाव करायचा नाही, असा नियम नगरपालिकेने केला आणि चर्चने त्याला जाहीर पाठिंबा दिला. यामागे इथल्याच लोकांची वर्षानुवर्षांची खटपट होती. गाव सोडून न गेलेल्या लोकांची.

२० डिसेंबर २०१३ रोजी न्यायाधीश रॉबर्ट शेल्बी यांनी ती २००४ ची दुरुस्ती रद्द ठरवली. त्याच दुपारी काउंटी क्लार्कच्या कार्यालयाबाहेर रांगा लागल्या. ६ जानेवारीला सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली, तोवर १३०० च्या आसपास जोडप्यांनी लग्नं उरकली होती. आमच्या समोरच्या दोघी त्यात होत्या. त्या रांगेत उभ्या असताना त्यांच्या कुत्र्याला कोणी सांभाळलं? आजींनीच. लग्नाला मात्र त्या गेल्या नाहीत. ऑक्टोबर २०१४ पासून इथे हे विवाह कायमचे कायदेशीर झाले.

२०१५ चा मार्च महिना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नोकरी आणि घर यांबाबत भेदभावबंदीचा कायदा अख्ख्या राज्याला लागू झाला. रिपब्लिकन विधिमंडळ, चर्चचा पाठिंबा, समलिंगी संघटनांचा पाठिंबा, सगळे एका व्यासपीठावर. धार्मिक संस्थांना त्यात सूट आहे, आणि दुकानं, हॉटेलं यांना तो लागू नाही. तडजोड म्हणजे तडजोडच. त्याच वर्षी गॅलपच्या पाहणीत ५० मोठ्या महानगरांमध्ये समलिंगी वगैरे लोकांच्या प्रमाणात सॉल्ट लेक सातवं आलं, ४.७ टक्के. आणि त्याच वर्षी बिस्कुपस्कीबाई महापौर म्हणून निवडून आल्या. पण त्याच नोव्हेंबरात चर्चने समलिंगी विवाहितांना धर्मत्यागी ठरवून त्यांच्या मुलांच्या बाप्तिस्म्यावर बंधनं घातली. ती २०१९ मध्ये मागे घेतली. तिथली शिकवण मात्र आजही बदललेली नाही.

तेव्हा भाचेबुवा, ऐका. लीहाय आहे युटा काउंटीत, म्हणजे सॉल्ट लेकहून कितीतरी जास्त सनातनी भागात. पण गंमत अशी की महासाथीच्या काळात याच काउंटीने व्हिडिओवरून लग्न लावायची सोय सुरू केली आणि जगभरातली समलिंगी जोडपी तिथे लग्न करू लागली. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ही लग्नं नोंदवायलाच हवीत असं सांगितलं. तुमच्या लग्नाला तिथे कोणी हात लावणार नाही. कंपनी लहानसहान नसेल तर त्या कारणावरून नोकरीवरून काढू शकणार नाही. शेजारी ब्रेड आणतील, बर्फ काढतील. पण त्यांच्या मनात काय चाललंय ते कळायला वर्षं लागतील. आणि वारा एकाच दिशेने वाहतो असं समजू नका. २०२२ पासून ट्रान्सजेंडर लोकांविरुद्ध एकामागून एक कायदे झाले. २०२५ मध्ये शाळा आणि सरकारी इमारतींवर इंद्रधनुषी झेंड्याला बंदी आली. सॉल्ट लेकने लगेच शहराचं फूल असलेला इंद्रधनुषी झेंडा अधिकृत करून पळवाट काढली, पण ते सॉल्ट लेक, लीहाय नव्हे.

इतकी वर्षं पाहून मला एवढंच कळलंय की चांगुलपणा आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे चांगुलपणा आधी मिळतो, हक्क मात्र कोणीतरी भांडून मिळवावे लागले. नुसत्या ब्रेडवर अवलंबून राहू नका. ब्रेड आला तर परतही करू नका.

आता सांगलीकर आणि पुणेकर नातेवाईकांनो, थोडं तुमच्याशी. भारतात ३७७ कलमातला तो भाग ६ सप्टेंबर २०१८ रोजी गेला, पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात लग्नाचा हक्क मिळाला नाही. म्हणजे जे लग्न मॉर्मनांच्या बालेकिल्ल्यात चालतं, ते आपल्याकडे कागदावर चालत नाही. ते कोर्टाचं झालं. आपल्या घराचं काय? ताई अजून फोनवर विचारते, "त्याचा रूममेट बरा आहे ना?" तिला सगळं माहीत आहे. माया तर आजींपेक्षा कितीतरी जास्त आहे. पण आजींसारखाच तिनेही एक शब्द गिळलाय.

ताई, तू हे वाचशील हे मला माहीत आहे. रागावू नकोस. या दिवाळीला फराळाचा डबा लीहायच्या पत्त्यावर पाठवशील, तेव्हा वर दोघांची नावं घाल. बाकी काही बोलली नाहीस तरी चालेल.