हळद पावडर प्रक्रिया : ओलाव्यासाठी नियंत्रण आलेख

एफएसएसएआयच्या निकषानुसार हळद पावडरीतील ओलावा वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. लहान युनिटमध्ये बरेचदा दिवसाअखेर एकच नमुना तपासतात, ९.४ टक्के आला की माल रवाना होतो. खरेदीदाराच्या तपासणीत त्याच लॉटमधील नमुना १०.२ भरतो आणि गाडी परत येते. एका नमुन्यातून चढउतार कळत नाही, तो कळण्यासाठी नियंत्रण आलेख वापरावा. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये अमेरिकेत मांडलेली ही पद्धत वही आणि कॅल्क्युलेटरवर जमते.

आलेख कसा करावा?

दर तासाला भरणीतून लागोपाठ ५ नमुने घ्या. त्यांची सरासरी, तसेच सर्वांत जास्त व सर्वांत कमी ओलाव्यातील फरक लिहा. असे २० ते २५ गट झाले की दोन्हींची सरासरी काढा. समजा, ओलाव्याची सरासरी ९.४ आणि फरकाची ०.८ आली. पाचच्या गटासाठी गुणक ०.५७७ आहे. ०.८ × ०.५७७ = ०.४६, म्हणून गटाच्या सरासरीच्या मर्यादा ८.९४ ते ९.८६. फरकाची वरची मर्यादा ०.८ × २.११४ = १.६९.

बिंदू बाहेर गेला किंवा सलग आठ बिंदू मधल्या रेषेच्या एकाच बाजूला पडले, तर कारण शोधा: अर्धवट वाळलेली हळकुंडे, पावसाळी हवेत उघडी राहिलेली पावडर. लॉट क्रमांक लिहिलेला असेल तर शोध सोपा जातो. मर्यादेच्या आतल्या प्रत्येक चढउताराला मात्र ड्रायरला हात लावू नका, त्याने चढउतार वाढतो.

आलेखाची मर्यादा म्हणजे कायद्याची मर्यादा नव्हे

इथेच बहुतेकांची गल्लत होते. वरील उदाहरणात सगळे बिंदू आत असले तरी सुटे नमुने १०.४ पर्यंत जाऊ शकतात. शंभरात साधारण चार १० च्या वर. सरासरी ८.९ वर आणली तर धोका जवळपास संपतो, पण टनामागे सुमारे साडेपाच किलो वजन घटते. त्यापेक्षा हळकुंडे वाळवणीनुसार वेगळी करून, कमी वाळलेली पुन्हा वाळवून मगच दळा. फरकाची सरासरी ०.४ वर आली, तर ९.४ सरासरीलाही नमुने ९.९ च्या आसपास थांबतात.

हळदीतील उडनशील तेलामुळे ओव्हनमध्ये ओलावा जास्त दिसतो. त्यामुळे मीटरचे वाचन टोल्युइन ऊर्ध्वपातन पद्धतीच्या प्रयोगशाळा अहवालाशी जुळवून घ्या आणि हंगामात एकदा तरी पुन्हा पडताळा.