बशीतल्या पेशींचं मूळ गाव

स्वादुपिंडातली लँगरहान्सची बेटं, म्हणजे इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके, वेगळी काढून पोषक द्रवात ठेवली की सुरुवातीला ती गोल गोळ्यांसारखीच दिसतात. मग कडेनं लांबट, चातीच्या आकाराच्या पेशी बाहेर सरकतात, बशीचा तळ व्यापतात आणि वाढतच राहतात. इन्शुलिन बनवण्याच्या बाबतीत मात्र नन्नाचा पाढा. त्या आल्या कुठून? या वादात पुण्याचं नाव पुन्हा पुन्हा येतं.

1999 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आनंदवर्धन हर्डीकर, रमेश भोंडे आणि सहकाऱ्यांनी मधुमेही उंदरांचं अर्धं स्वादुपिंड कापून काढलं. दुखणं बळावेल, असंच कुणालाही वाटलं असतं. झालं उलटंच: बहुतेक उंदरांची साखर ताळ्यावर आली. उरलेल्या तुकड्यात नव्यानं वाढण्याची धमक होती.

पुढे हर्डीकर अमेरिकेत गर्शेनगॉर्न या संशोधकांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथून 2004 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दावा आला की माणसाच्या बेटांतल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच रूप पालटून लांबट होतात, भराभर वाढतात आणि पुन्हा मूळ कामाकडे वळवता येतात. एका रुग्णाला बेटं द्यायची तर अनेकदा एकाहून अधिक दात्यांची स्वादुपिंडं लागतात. त्यामुळे या दाव्यानं आशा पालवल्या.

तीन वर्षांत पारडं फिरलं. उंदरांच्या बीटा पेशींवर न पुसणारी जनुकीय खूण करून पाहिलं, तर वाढणाऱ्या लांबट पेशींत ती खूण सापडेना. 2007 मध्ये गर्शेनगॉर्न यांच्याच गटानं माणसाच्या या पेशींना मेसेन्कायमल स्ट्रोमल पेशी म्हटलं, म्हणजे अस्थिमज्जेत आढळणाऱ्या आधारपेशींच्या जातकुळीतल्या. त्या इन्शुलिनकडे वळू शकतात, हा आग्रह मात्र सोडला नाही.

वाद तिथेही मिटला नाही. 2008 मध्ये तेल अवीवच्या गटानं माणसाच्या बीटा पेशींवर खूण करून त्या बशीत रूप बदलून वाढतात, असं दाखवलं. 2009 मध्ये पुण्याच्या केंद्रातून मानवी गर्भाच्या स्वादुपिंडाबद्दल तसाच निष्कर्ष आला. उंदराला जे लागू, ते माणसाला लागू असेलच असं नाही. आणि ‘स्ट्रोमल’ हे नाव पेशीचं आजचं रूप सांगतं, कूळ नाही. भांडणाचं निम्मं मूळ या घोळात आहे.

2010 मध्ये मिलानच्या संशोधकांनी तिसरी वाट दाखवली: स्वादुपिंडाच्या संवर्धनात उगवणाऱ्या या पेशी अस्थिमज्जेतून आलेल्या असतात. त्याच प्रयोगांत त्या बेटांसोबत उंदरांत रोपल्या, तेव्हा बेटं अधिक चांगली चालली.